दार लावू नका

९ नोव्हेंबर

आणि ते स्टुलाचं दरवेळी काढायचंच असेल वहिनी, तर पत्रात त्याची एक वेगळी ओळ आखून ठेवा, म्हणजे मी ती सोडून पुढे वाचत जाईन. मारलं मी. दादाच्या खांद्यावर मारलं, डोक्यावर नाही, हेही कधी लिहीत जा. सख्ख्या भावाला चोर म्हटलं की कोणाचाही हात उठेल. तळहातात मावेल एवढी पाऱ्याची बाटली. मी ती पोरांसाठी खिशात जपून दोन दिवसांचा प्रवास करून आणली, आणि हा टेप गळ्यात घालून सांगतो, चोरीचा माल माझ्या घरात नको, आत्ताच्या आत्ता गटारात ओत. चोरीचा कसला? आम्ही इथे भंगाराच्या शेडमध्ये दिवसाला शंभर जुने मीटर फोडतो, प्रत्येकाच्या नळीत चमचाभर पारा. तो डब्यात ओतायचा, डबा मालकाचा. पण जमिनीवर जे थेंब पळतात ते कोणाचे? ते मी कागदाच्या पुठ्ठ्याने गोळा केले, दोन महिने. पोरांनी डोळे कसे केले ते तुम्हीच बघितलंत. शेवटी दादाच म्हणाला ना, राहू दे, खेळतील पोरं. मग आधीच म्हणायचं. स्टुलाचा पाय वाचला असता. आणि तोंडात घालायचं नाही, पोटात गेलं तर वाईट, हे मी एकेकाचा कान धरून बजावून आलोय. मी काही अगदीच बिनडोक नाही.

तुमच्या जुळ्यांचं वाचलं. घाम येतो, झोप नाही, किरकिर. थंडी भरली असणार, दुसरं काय. सगळी पोरं शिवणाच्या खोलीत ओळीने झोपतात आणि ती खिडकी कायमची फटीची. कापूस कोंबा तिच्यात. दार लावून घ्या. दादाची इस्त्रीची शेगडी दिवसभर पेटती ठेवा, काम झालं तरी विझवू नका.

थंडी काय असते ते मला विचारा. आमच्या शेडला दोन दारं, समोरासमोर, दोन्ही सताड उघडी. वारा एका दाराने येतो आणि आमची हाडं घेऊन दुसऱ्याने जातो. मंगळवारी मी माझ्या बाजूचं दार नुसतं ओढून घेतलं, तर मुकादमाने मागून कमरेत लाथ घातली. तोंड मीटरच्या ढिगावर आपटलं, ओठाला दोन टाके. म्हणतो, "परत दाराला हात लावलास तर हात काढून ठेवीन." का, विचारलं तर आणखी एक लाथ. त्याच्या तोंडात एकही दात नाही, म्हणून आम्ही त्याला बोळक्या म्हणतो. बोळक्याला माणसं कुडकुडताना बघून ऊब येते. एक दिवस मी त्याचा हिशेब करणार आहे.

तीनशे सत्तर रुपये जमलेत. पाचशे झाले की इथे नळ आणि खिडकी असलेली खोली मिळते. मग चिंगीला घेऊन जाणार. तिची आई गेल्यापासून पाच वर्षं तुम्ही तिचं केलंत, ते मी विसरणार नाही. पण बाप मी आहे. दादाला ते कोणीतरी सांगायला हवं.

तुमचा धाकटा दीर


२४ नोव्हेंबर

भाऊजी,

ओळ आखलेली नाही. सरळ वाचा.

यांचा खांदा अजून वर होत नाही, तरी हे तुमचं नाव काढू देत नाहीत. पाकीट आलं की विचारतात, बरा आहे ना? मी म्हणते, तोंड शाबूत आहे. तर हसतात. हसायचे, असं लिहायला हवं आता.

जुळ्यांची थंडी नाही ती. तळहात आणि तळपाय लालगुलाबी झालेत, कांद्यासारखी सालं निघतात. खाज इतकी की रक्त येईपर्यंत जमिनीवर घासतात. उजेड सोसत नाही. हिरड्या सुजल्यात. मग आक्काच्या दोन्ही मुलींना लागलं, मग आमच्या ढब्बूला. एकाचं झालं की दुसऱ्याचं, जणू रांग लावलीय. डॉक्टर म्हणतात संसर्ग आहे, कुठला ते कळत नाही, पोरांना उबेत ठेवा आणि बाहेर सोडू नका. तुम्हीही तेच लिहिलंत, म्हणून मी खिडकी बुजवली. शेगडी विझत नाही.

आक्का तिच्या दोघींना घेऊन गिरणीच्या चाळीत परत गेली. नणंद आहे म्हणून बोलत नाही, पण भाऊ अडचणीत असताना पळाली.

खरी गोष्ट वेगळीच लिहायची आहे. काल ढब्बूने यांची मोठी कात्री उचलली आणि जुळ्यांतल्या एकाच्या मांडीत खुपसली. सात वर्षांचं पोर. का, तर तो त्याच्याकडे बघत होता. रक्त बघून ढब्बू ओरडला नाही, परत खुपसायला गेला. आणि यांनी, ज्यांनी कधी मांजराला हाड केलं नाही, कापड मोजायचा लोखंडी गज घेतला आणि ढब्बूला मारला. मी मध्ये पडले तर मलाही. मग गज टाकला आणि आपल्याच हाताकडे बघत बसले. तो हात थरथरतो आहे. गिऱ्हाइकाचा कोट वाकडा कापला, आयुष्यात पहिल्यांदा.

चिंगीला अजून काही नाही. तान्हंही बरं आहे, जमिनीभर रांगतं. आमच्या थोरलीने तुम्हाला चिठ्ठी लिहिली आहे, मी वाचलेली नाही. बारा वर्षांची झाली, तिची तिची गुपितं असू देत.

वहिनी


(त्याच पाकिटात)

काका,

कोणाला सांगणार नसाल तरच पुढे वाचा.

बाटली ऑक्टोबरातच फुटली. आम्ही नंबर लावले होते. ज्याचा नंबर त्याने बाटली उशाखाली घेऊन झोपायचं, तीन दिवस. मी यादी केली होती. आधी जुळे, मग आत्याच्या दोघी, मग ढब्बू, मग चिंगी, शेवटी मी. बूच सैल होतं म्हणून कोणी कोणी बूच काढून बोट घालायचे, पण तोंडात नाही घातलं, शप्पथ. ढब्बूच्या नंबराला जुळे भांडले आणि बाटली शेगडीच्या पायावर आपटली. सगळा पारा फळ्यांच्या फटीत गेला. वाकून बघितलं की आत चमकतो. आम्ही पिनने काढतो पण परत आत पळतो. चिंगी रडली कारण तिचा नंबर आलाच नाही. बाबा म्हणतील काकाने दिलेलं नीट सांभाळलं नाही. नवीन आणाल का?

थोरली


६ डिसेंबर

वहिनी,

ढब्बूला मारलं तो त्याचा पोरगा, त्याचं त्याने बघावं. पण एक गोष्ट दादाला शब्दाला शब्द वाचून दाखवा. चिंगीच्या अंगाला तो गज लागला, तर तोच गज मी त्याच्या कोपरावर वाकवीन. मग शिवू दे सदरे तोंडाने.

माणूस असा एका दिवसात बदलत नाही. आधीपासून आत असतं. लोकांना तो गरीब गाय वाटतो, मला नाही वाटत. लहानपणी मी शाळेतून पळून आलो की तो मारायचा नाही, समोर बसून नुसता माझ्याकडे बघायचा. ते मारण्यापेक्षा वाईट होतं. आता मारतोय तर मला नवल नाही.

तुम्ही चिंगीला ओळीतून काढा. जुळे दाराकडे झोपतात, ढब्बू मध्ये. तिला पार आतल्या टोकाला घाला, शेगडीजवळ. संसर्ग माणसाकडून माणसाला जातो, भिंतीकडून येत नाही. दार उघडायचं नाही म्हणजे नाही. आक्का गेली ते बरंच झालं, दोन तोंडं कमी.

थोरलीच्या चिठ्ठीत काही नव्हतं. रंगीत पेन्सिली मागितल्यात. तिला सांगा, काका म्हणाला कोणाला सांगणार नाही आणि आणीन.

इथे मीही धड नाही. परवा मेसच्या आचाऱ्याने डाव माझ्या ताटावर आपटला, मी त्याचं डोकं पिठाच्या परातीत दाबून धरलं. तिघांनी मिळून सोडवलं. पांढरा झालेला आचारी बघून सगळे हसले, मीही हसलो, पण हात बराच वेळ सुटत नव्हता. बोळक्या लांबून बघत होता. म्हणाला, "कधीपासून आहेस इथे? झोप लागते का?" मी म्हटलं, तुझी मान मुरगळली की लागेल.

चिंगीचं काय ते लगेच लिहा. लपवलंत तर मला कळेल.

धाकटा


२० डिसेंबर

भाऊजी,

लपवत नाही.

चिंगीला लागलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे शेगडीजवळ घातली होती, त्याला आठ दिवस झाले आणि तिचे तळवे सोलायला लागले. बाकीच्यांपेक्षा जोरात आलंय तिला. पुढचे दोन दात नुसते जिभेने ढकलून बाहेर काढले तिने, माझ्या हातावर ठेवले, आणि तोच हात धरून मला चावली. डोक्यावरचे केस मुठीने उपटते. यांनी तिचे हात टेपने बांधले. हो, यांनीच, कापड मोजायच्या टेपने, सैल, आणि टेप टोचू नये म्हणून खाली मलमलीची पट्टी घातली. मनगटावर वळ उठलेत. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

आता माझंही ऐका. शुक्रवारी तुमच्या आईंनी ताट भिंतीवर मारलं, कारण मी मीठ मागितलं. त्या शिव्या देतात, अशा शिव्या की या बाईला त्या येत असतील हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. आणि रविवारी मी गरम इस्त्री यांच्या अंगावर फेकली. का फेकली ते आठवत नाही. खरंच आठवत नाही. पोट थोडक्यात वाचलं, हातावर भाजलं. एकमेकांकडे बघत आम्ही दोघं जमिनीवर बसलो, आणि हे म्हणाले, "अगं, आपल्याला काय होतंय?" मला हसू आलं, मग रडू. तान्हं मध्ये बसून फळीच्या फटीत बोट घालत होतं.

एक मात्र समजत नाही. आक्काच्या दोघी चाळीत जाऊन तीन आठवड्यांत बऱ्या झाल्या. आमची दया येऊन आक्का त्यांना घेऊन मदतीला आली. सहा दिवस राहिली, तर धाकटीचे हात पुन्हा लाल. घेऊन गेली, जाताना उंबऱ्यावर थुंकली. म्हणाली, या घरालाच काही झालंय.

तुम्ही येऊ नका, आणि कोणाला पाठवूही नका. तुमच्या पत्रांतला राग आणि या घरातला राग एकत्र आला तर एक तरी मरेल. यांना मी तुमचं ते कोपराचं वाचून दाखवलं नाही.

वहिनी


२८ डिसेंबर

वहिनी,

माझ्या पोरीला बांधलं.

मलमलीची पट्टी घातली म्हणून मी पाया पडू का त्याच्या? बैलाला बांधतात, चोराला बांधतात. बांधलं तेव्हा तुम्ही काय करत होतात, मीठ मागत होतात?

मुकादम सुटी देत नाही. माझा एक ट्रकवाला दोस्त आहे, तो तुमच्या बाजूला माल घेऊन येतोय. चिंगीला त्याच्याकडे द्यायची. दादा मध्ये आला तर काय करायचं ते मी त्याला सांगितलंय. त्याला काही लिहून द्यावं लागत नाही, एकदा सांगितलं की करतो.

खोली नाही मिळाली तरी चालेल. ट्रकखाली झोपवीन, पण त्या घरात नाही.


१० जानेवारी

भाऊजी,

तुमचा ट्रकवाला आला होता.

दुपारची वेळ. हे मशीनवर, पोरं अंथरुणात. त्याने दार ढकललं, विचारलं, चिंगी कुठली? यांनी उठून त्याला बसायला स्टूल दिलं. तेच स्टूल, पाय बांधून घेतलेलं. म्हणाले, "पोर आजारी आहे, दोन दिवसांच्या प्रवासात दगावेल. बरी झाली की मी स्वतः आणून सोडतो. त्याला सांगा, मी शब्द देतो." तो म्हणाला, शब्द नको, पोरगी दे. हे अंथरुणाच्या आडवे उभे राहिले, बस, हात पसरून, दुसरं काही नाही. त्याने यांचा उजवा हात धरून दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार लावलं. मग उघडलं, आणि परत लावलं. पहिल्या वेळी आवाज आला. दुसऱ्या वेळी यांचा आवाज आला नाही.

तीन बोटं. हाडवैद्य म्हणाला, जुळतील, पण वळणार नाहीत. शिंप्याला तीच बोटं लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच हाताने तुमची शाळेची चड्डी शिवली होती.

तुमची चिंगी न्यायला तो वाकला, तर तिने त्याचा अंगठा असा धरला दातात, उरलेत तेवढ्या दातांत, की तो ओरडायला लागला. एक लाथ बसली तिला. तरी सोडला नाही. मग सुटून सरपटत मशीनखाली गेली आणि यांच्या पायाला मिठी मारून बसली. "मोठे बाबा, मला देऊ नका." तो तिला ओढायला पुढे झाला, तेव्हा मी कात्री घेतली. मी ती चालवली असती, भाऊजी. त्याला ते दिसलं. गेला.

पोलिसात जाऊ म्हटलं तर हे म्हणाले, "नको. नाव धाकट्याचं येईल."

तान्ह्याला तीन दिवसांपासून धाप लागतेय. दूध तोंडातून परत येतं. खोली उबदार ठेवली आहे, दार घट्ट लावलं आहे, आता तर कडीही घातली आहे, तुमच्या माणसांच्या भीतीने.

या पत्राला उत्तर नको आहे.

वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

उत्तर नको म्हणालात तरी हे वाचा. तार काल केली, एव्हाना मिळाली असेल. "घर सोडा. शेगडी विझवा. दार लावू नका." तारबाबूने विचारलं, कोण मेलं? मी त्याच्या कॉलरला हात घातला आणि मग काढला.

घर सोडलं नसेल तर पत्र खाली ठेवा, पोरांना उचला आणि बाहेर निघा. अंथरूण घेऊ नका. केरसुणी मारू नका. सगळ्या खिडक्या उघड्या टाका. मग वाचा.

तुमचं पत्र वाचून मी शेडमध्ये गेलो, आणि मला कोणाला तरी मारायचं होतं. दादाची बोटं सारखी दिसत होती. मी दार लावलं, मुद्दाम, धाडकन, मग दुसरंही. बोळक्या फावडं घेऊन आला. मी हातातला पाइप त्याच्या डोक्यात घातला. तो खाली बसला, कानावरून रक्त. परत उगारला, तर तो शांतपणे म्हणाला, "मार. पण आधी दार उघड."

मी म्हटलं, भ्यायलास का, हात बघ कसा थरथरतोय.

"हा अठरा वर्षं असाच आहे. भीतीने नाही." मग तोंड उघडून दाखवलं. "हे सव्वीसाव्या वर्षी गेले. आधी घाम येतो. तळवे सोलतात, पोरांचे तर फारच. हिरड्या सुजतात. झोप जाते. मग माणूस आपल्याच माणसांना मारतो. मी बायकोला मारायचो. कशासाठी ते तिला कळायचं नाही, मलाही नाही. ती गेली ते बरं झालं, जिवंत तरी आहे."

वहिनी, तो तुमचं पत्र वाचून दाखवत होता असं मला वाटलं.

पाऱ्याची वाफ होते म्हणाला. दिसत नाही, वास येत नाही. गिळला तर एक वेळ निघून जातो, पण श्वासातून गेला की राहतो. शेगडी पेटवली की दुप्पट. बंद खोलीत विचारू नकोस. म्हणून दारं उघडी. मी विचारलं, मग आजवर सांगितलं का नाहीस? म्हणाला, "सांगितलं की माणसं पळून जातात आणि मालक मला काढतो. लाथ घातली की दारही उघडं राहतं आणि माणूसही. लाथेला कोणी कारण विचारत नाही."

आता माझं. थोरलीच्या चिठ्ठीत पेन्सिली नव्हत्या. बाटली ऑक्टोबरातच फुटली होती, पारा फळ्यांच्या फटीत आहे, अजून आहे. पोरं नंबराने उशाखाली घ्यायची आणि नंबरानेच पडत गेली, चिठ्ठीतली यादी आणि तुमच्या पत्रातली रांग एकच आहे. मी दोन्ही वाचलं होतं आणि मला दिसलं नाही. चिंगीचा नंबर आलाच नव्हता. तिला शेगडीजवळ मी घातली. खिडकी मी बुजवायला लावली. थोरलीला रागावू नका, तिला मीच गप्प बसवलं. दादा म्हणाला होता, गटारात ओत.

डॉक्टरला पारा हा शब्द सांगा. नुसता तेवढा सांगितला तरी त्याला कळेल, बोळक्या म्हणतो.

बोळक्या असंही म्हणतो की तुझं डोकंही त्यानेच फिरलंय. ते मी घेणार नाही. मी पाऱ्याला हात लावायच्या आधीपासून असाच होतो, तुम्हाला माहीत आहे.

तान्हं कसं आहे?

धाकटा


६ फेब्रुवारी

भाऊजी,

तार वीस तारखेला मिळाली. तान्हं सतरा तारखेला गेलं.

दहा महिन्यांचं होतं. तेवढंच सगळ्यांत जमिनीजवळ होतं, ते आता कळतं.

आम्ही शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत आहोत, मास्तरांनी दिल्या. डॉक्टरांना शब्द सांगितला तर ते खुर्चीत बसलेच. सरकारी माणसं येऊन फळ्या उचकटून गेली. खाली इतका चकाकत होता की बघायला माणसं जमली. एक पोरगा पुढे गेला हात घालायला, तर यांनी डाव्या हाताने त्याच्या कानाखाली मारली. मग त्याला जवळ घेऊन का मारलं ते सांगितलं, दोनदा, तीनदा, त्याला समजेपर्यंत.

जुळे झोपतात आता. ढब्बू त्या मांडीवरच्या खुणेला स्वतः तेल लावतो. आई शिव्या विसरल्या, एखादी अजून आठवते. थोरली बोलत नाही. तिला तुम्ही वेगळं पत्र लिहा, माझ्याने तिची समजूत निघत नाही.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं, या वेळी सगळं. म्हणाले, "मीच राहू दे म्हणालो होतो. स्टूल लागलं म्हणून म्हणालो. एक फटका खाऊन गप्प बसलो नसतो, तर." मी म्हटलं, हे असं मोजायचं नसतं. ते म्हणाले, मग कसं मोजायचं?

यांनी तुम्हाला माफ केलं असेल. मी केलेलं नाही, हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

चिंगी काल हसली. दोन नवे दात हिरडीत दिसतात. हे डाव्या हाताने कापायला शिकताहेत आणि ती समोर बसून सुईत दोरा ओवते, कारण यांना आता ओवता येत नाही. तुम्ही खोली घेणार होतात. यायचं असेल तर कळवा, तिचे कपडे धुऊन बांधून ठेवीन. तिला मी सांगितलं, तुझे बाबा न्यायला येतील. तिने विचारलं, मग मोठ्या बाबांचा दोरा कोण ओवणार?

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

कपडे धुवा, बांधू नका.

सतरा तारखेला मी काय करत होतो ते आठवून बघितलं. मीटर फोडत होतो, एकशे दहा. त्या दिवशी जास्त झाले म्हणून मालकाने चहा पाजला होता.

बोळक्याच्या डोक्याला सात टाके पडले. त्याने मालकाला सांगितलं, पाय घसरून पडलो. मला दाराशी उभं केलंय. नवीन आलेला कोणी दार ओढायला गेला की मी आधी कारण सांगतो. दोघं ऐकून पळून गेले. मालक ओरडला, बोळक्याने मला दारावरून हलवलं नाही. तिसरा थांबला, त्याला दारात बसवून घेतलं. ट्रकवाल्याला मी काही केलं नाही. सांगितलं मी होतं, त्याने फक्त ऐकलं.

थोरलीला वेगळं लिहिलंय, याच पाकिटात आहे. तुम्ही वाचलंत तरी चालेल. आता गुपित नको.

माफीचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तसंच ठेवा.

मोठ्या गावात हाडांचा एक डॉक्टर आहे, वाकडी जुळलेली बोटं परत मोडून सरळ बसवतो. दुखतं फार, पण निदान दोन बोटं वळतात म्हणे. दादा नको म्हणेल. त्याला म्हणा, धाकट्याने हट्ट केलाय, आणि त्याचे हट्ट तुम्ही नेहमीच पुरवलेत. पैसे उरले तर नव्या फळ्या. खोली बघून ठेवली होती, नळ होता, खिडकी होती, दोन्ही बाजूंनी उघडणारी. तिच्या मालकिणीला काल नाही म्हणून सांगितलं.

पैशांचा डबा उलटा करून सगळे पाठवतोय, मागे काही ठेवलेलं नाही. पोस्टमनसमोर मोजून घ्या : चारशे बारा.